तिसऱ्या दिवसाचा पाहुणा



मागच्या आठवड्यात आपण उंटाच्या पाठीवर बसून वाळवंटात एक चक्कर मारून आलो. उंट पाणी किती पितो, त्याच्या पापण्या कशा असतात, हे सगळं वाचून झालं. पण आमच्या वर्गातल्या एका चौकस मुलाला तेवढ्याने कुठलं समाधान! त्याने विचारलं, "बाई, वाळवंटात रात्र झाली तर माणसाने राहायचं कुठे? आणि खिशातले पैसे संपले असले तर?"

प्रश्न मोठा छान आहे. आज त्याच्यावरच बोलू या.

पण आधी एक म्हण. तुमच्या आजीला विचारा, तिला नक्की येत असेल. 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई.' म्हणजे काय, तर पाहुण्याने फार दिवस मुक्काम ठोकू नये. पहिल्या दिवशी शिरा, दुसऱ्या दिवशी पोळीभाजी, आणि तिसऱ्या दिवशी यजमान हळूच विचारतात, "मग, परतीची गाडी कितीची?" गंमत अशी, की अरब लोकांतही पाहुणचाराचे दिवस तीनच मानतात. आलेल्या अनोळखी माणसालाही तीन दिवस खाऊपिऊ घालायचं, ही त्यांची जुनी रीत. कारण वाळवंटात दार बंद केलं, तर बाहेरचा माणूस तहानेने मरूही शकतो. आज आपण दार उघडलं, तर उद्या आपल्यावर तशी वेळ आली असता दुसरा कोणी उघडेल, असा त्यामागे विचार.

बरं, मग चौथ्या दिवशी काय? त्याचं उत्तर देणारी एक जागा खरोखरच आहे. चला, तिकडे जाऊ.

जगाचा नकाशा घ्या. आपल्या मुंबईवरून बोट निघू द्या. अरबी समुद्र ओलांडला की अरबस्तान. तिथून वर, वायव्येला सरकत गेलात की इराकच्या शेजारी सीरिया हा देश सापडेल. दमास्कस ही त्याची राजधानी. जगातल्या अगदी जुन्या शहरांमध्ये तिचं नाव घेतात. दमास्कसच्या उत्तरेला साधारण ८० किलोमीटरवर नब्क नावाचं गाव आहे आणि त्याच्या पूर्वेकडच्या उघड्याबोडक्या डोंगरात, कड्याला चिकटून, दगडी मठ आहे. त्याचं नाव 'देर मार मूसा अल-हबशी'.

वाळवंट म्हटलं की आपल्याला पिवळ्या वाळूच्या टेकड्या दिसायला लागतात, हो ना? इथे तसं नाही. इथे खडक, दगडगोटे आणि कोरड्या घळी. उंची साधारण १,३०० मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वरइतकी. पण महाबळेश्वरला पाऊस थांबता थांबत नाही आणि इथे तो हजेरी लावण्यापुरता येतो. उन्हाळ्यात दिवसा भाजून निघायला होतं आणि हिवाळ्यात रात्री हाडं गोठतात.

आता त्या लांबलचक नावाची फोड करू. 'देर' म्हणजे मठ. 'मार' म्हणजे संत. 'मूसा' हे त्या संताचं नाव. आणि 'हबशी'? हा शब्द कुठे बरं ऐकलाय? इतिहासाच्या पुस्तकात जंजिऱ्याचा सिद्दी भेटतो ना, त्याला आपल्या जुन्या कागदांत हबशी म्हटलेलं आहे. हबशी म्हणजे आफ्रिकेतल्या हबसाणातला, आजच्या भाषेत इथिओपियाच्या बाजूचा. हा मूसा तिकडचा राजपुत्र होता आणि राज्य सोडून वाळवंटात येऊन राहिला, अशी कथा तिथे सांगतात. कुठे सीरिया, कुठे आपला मुरूड-जंजिरा! पण एक शब्द दोन्हीकडे पोचला.

मठ फार जुना. आतलं चर्च सन १०५८ मधलं आहे. म्हणजे शिवरायांच्या जन्माच्याही साडेपाचशेहून जास्त वर्षं आधीचं! भिंतींवर अकराव्या-बाराव्या शतकांत काढलेली रंगीत चित्रं आहेत. पण एकोणिसाव्या शतकात मठ ओस पडला. माणसं गेली, छप्पर कोसळलं, मेंढपाळ उन्हापावसात तिथे आडोशाला बसू लागले.

पुढे १९८२ साली पावलो दाल्लोलिओ नावाचे एक इटालियन तरुण तिथे आले. अरबी शिकलेले, वयाने जेमतेम सत्तावीस वर्षांचे. त्या पडक्या मठात ते दहा दिवस एकटे राहिले. त्यांच्या मनाने घेतलं, की ही जागा पुन्हा उभी करायची. पण कशी? जवळ पैसा नाही, माणसं नाहीत, आणि दगड तर डोंगराएवढे!

१९८४ साली काम सुरू झालं. आजूबाजूच्या गावांतले लोक आले, सीरियातली तरुण मुलं आली, युरोपातूनही आली. कोणी सुट्टीचे आठ दिवस द्यायचं, कोणी महिना. दिवसभर दगड उचलायचे, माती कालवायची, रात्री तिथेच सतरंजी पसरून झोपायचं. मजुरी नाही आणि राहण्याचे पैसेही नाहीत. आज त्या मठात जो पाहुणा भिंतीला टेकून चहा पितो, ती भिंत अशाच कुठल्यातरी पाहुण्याने रचलेली असते. १९९१ सालापासून तिथे कायमचे राहणारे स्त्री-पुरुष साधक आहेत. त्यांनी स्वतःसाठी तीन गोष्टी ठरवल्या : प्रार्थना, अंगमेहनत आणि पाहुणचार. तिसरी गोष्ट त्यांनी इब्राहिमच्या कथेवरून घेतली. रणरणत्या दुपारी तंबूच्या दारात बसलेला इब्राहिम अनोळखी माणसं बघतो आणि 'तुम्ही कोण, कुठले' असं न विचारता त्यांच्यापुढे जेवण ठेवतो. ही कथा बायबलातही आहे आणि कुराणातही. म्हणून मार मूसाच्या पाहुण्यांत ख्रिश्चन जितके सहज, तितकेच मुसलमानही सहज. शुक्रवारी सुट्टी असली, की गावातली कुटुंबंच्या कुटुंबं डबे घेऊन वर यायची.

आता समजा, तुम्हीच तिथे पोचलात. पायथ्याशी वाहन थांबतं. पुढे तीनशेहून जास्त पायऱ्या. धापा टाकत वर जाल, तर समोर दरवाजा एवढासा! मोठ्या माणसाला चांगलं कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. जुन्या काळी लुटारूंना घोड्यासकट घुसता येऊ नये, म्हणून असे दरवाजे ठेवत. आत गेलात की कोणीतरी हातात गरम चहा देतं. रात्री मुलग्यांना एकीकडे, मुलींना दुसरीकडे, मोठ्या खोलीत गाद्या. सकाळी पातळ रोटी, मठातल्या शेळ्यांच्या दुधाचं चीज, ऑलिव्ह आणि जर्दाळूचा मुरांबा. संध्याकाळी तासभर सगळे शांत बसतात. ज्याला बसायचं त्याने बसावं, सक्ती नाही.

"आणि पैसे किती?" तुम्ही विचाराल.

दरपत्रक असं काही नाही. कोणाला देणगी ठेवायची तर त्याने ठेवावी. पण जेवण झालं, की पाहुणे उठतात आणि बाह्या सरसावतात. कोणी ताटं घासतं, कोणी कांदे चिरतं, कोणी अंगण झाडतं, कोणी खालून आलेलं सामान आत नेऊन लावतं. जास्त दिवस राहणाऱ्याला शेळ्यांकडे किंवा बागेकडे पाठवतात. तिसऱ्या दिवशी अक्कल जायच्या ऐवजी त्याच्या हातात झाडू येतो! आणि झाडू हातात आला की तो पाहुणा राहत नाही, घरचाच होतो.

आता जरा वही-पेन्सिल घ्या. समजा, मठात तीस पाहुणे आहेत. दिवसातून तीन वेळा खाणं. दर वेळी प्रत्येकाचं एक ताट, एक वाटी, एक पेला. मग दिवसाची भांडी किती? तीस गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७०. एक भांडं घासायला अर्धा मिनिट धरा. एकट्या माणसाला किती वेळ लागेल? १३५ मिनिटं, म्हणजे सव्वादोन तास! त्याची पाठ मोडून जाईल. आणि तीसही जणांनी आपापली भांडी घासली तर? प्रत्येकाला दिवसभरात मिळून फक्त साडेचार मिनिटं. बघा, भांडी तेवढीच, पाणी तेवढंच, पण एकाची पाठ वाचली. म्हणून तर चार-दोन माणसांचा मठ वर्षाला हजारो पाहुण्यांचं स्वागत करू शकला.

मुलांनो, ही गोष्ट इथेच 'आणि सगळे सुखात राहिले' म्हणून संपली असती तर मला आवडलं असतं. पण खरी गोष्ट आहे, तेव्हा खरीच सांगायला हवी. २०११ साली सीरियात यादवी युद्ध पेटलं. पाहुणे येईनासे झाले. फादर पावलोंनी सरकारच्या जुलमाविरुद्ध तोंड उघडलं, म्हणून २०१२ साली त्यांना देशाबाहेर काढलं. तरी ते परत आले. २९ जुलै २०१३ रोजी रक्का शहरात त्यांना पळवून नेलं आणि त्यानंतर ते कोणाच्याही दृष्टीस पडलेले नाहीत. त्यांचे जुने सोबती फादर झाक मुराद यांनाही २०१५ मध्ये पळवलं होतं. ते काही महिन्यांनी सुटले.

मठातल्या उरलेल्या मंडळींनी काय केलं असेल? दाराला कुलूप लावून निघून गेले असते, तरी कोणी नावं ठेवली नसती. पण ते राहिले. शेळ्यांना चारा घातला, प्रार्थना केली, पायऱ्या झाडल्या. वर्षामागून वर्षं गेली. आणि २०२२ साली मठाने पाहुण्यांसाठी पुन्हा दार उघडलं. पाहुणा येणार आहे की नाही हे माहीत नसताना त्याची गादी झटकून ठेवणं, याला पाहुणचारच म्हणायचं ना?

ही सगळी हकिगत मी माझ्या वर्गात सांगितली, तेव्हा पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, एवढे पाहुणे येतात, तर त्यांच्याकडे भांडी घासायला बाई नाही का?" वर्ग हसला. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "माझी आई चार घरची भांडी घासते. तिला सव्वादोन तासांपेक्षा जास्त वेळ लागतो."

वर्ग एकदम गप्प. तिने ते रडत सांगितलं नव्हतं, की रागानेही नाही. आत्ताच आपण गणित मांडलं होतं, त्यातलं उत्तर तिने पडताळून पाहिलं, इतकंच. मी फळ्यावरचं २७० पुसलं नाही. त्याच्या शेजारी मुलांनीच आपापल्या घरातल्या भांड्यांचे आकडे लिहायला सुरुवात केली. कोणाचे पस्तीस, कोणाचे साठ. आणि त्यांच्यापुढे 'कोण घासतं' असा एक रकाना केला. तो रकाना भरताना बऱ्याच जणांचे खडू अडखळले. कारण जवळजवळ सगळीकडे एकच शब्द येत होता : आई. नाहीतर ताई. नाहीतर मावशी.

म्हणून आज दोन गोष्टी नीट वेगळ्या करून ठेवू या. मार मूसाला जाणारा प्रवासी चार दिवस ताटं घासतो, ती त्याच्या आनंदाने. कंटाळा आला तर पाठपिशवी उचलून तो पायऱ्या उतरू शकतो. पण आपल्याकडे रोज येणाऱ्या मावशींचं ते पोट आहे. त्यांना ठरलेला पगार, सुट्टी आणि मान मिळायलाच हवा. तिथे 'सेवा', 'घरच्यासारखं' असले गोड शब्द वापरून पैसे वाचवायचे नसतात. काम एकच, पण ज्याला 'नको' म्हणायची मुभा आहे त्याचं ते स्वेच्छेचं काम, आणि ज्याला ती नाही त्याचे कष्ट. कष्टाचे दाम द्यायचे.

आता थोडं दहावी-अकरावीतल्या दादा-ताईंसाठी, आणि पालकहो, तुमच्यासाठीही.

काम करून राहायचं आणि जग बघायचं, ही पद्धत मठांपुरतीच नाही. १९७१ साली इंग्लंडमध्ये सू कोपर्ड या लंडनच्या एका सेक्रेटरी बाईंना वाटलं, की शहरातल्या माणसाला शेतावर जायला मिळालं तर काय बहार होईल! शनिवार-रविवार सेंद्रिय शेतावर काम करायचं, त्याबदल्यात शेतकऱ्याने जेवण आणि झोपायला जागा द्यायची, असं त्यांनी जमवून आणलं. पहिल्या खेपेला मोजकी चार माणसं होती. आज 'वूफ' या नावाने ही चळवळ शंभराहून अधिक देशांत पोचली आहे. आता तर फोनवर बोट फिरवलं की राजस्थानापासून मोरोक्कोपर्यंत असे पत्ते दिसतात. आपली मुलं मोठी होऊन अशा वाटेला जाणार आहेत. त्यांना अडवू नका, पण निघण्याआधी काही प्रश्न विचारायला शिकवा.

रोज किती तास काम? आठवड्याची सुट्टी कोणती? चार-पाच तास कामाच्या बदल्यात खोली आणि जेवण हा सौदा समजण्यासारखा आहे. दहा तास राबवून कोपऱ्यात चटई देणारा यजमान नव्हे, तो लबाड मालक. हे काम आधी कोणी गावातला माणूस पगारावर करत होता का? करत असेल, तर आपण फुकट काम करून त्याच्या ताटातली भाकरी काढून घेतोय. मुलींसाठी वेगळी, आतून कडी लागणारी खोली आहे का? पासपोर्ट स्वतःजवळच राहील ना? आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे बांधून ठेवलेत ना? ते असले, की माणूस केव्हाही 'नको' म्हणू शकतो. आणखी एक. अनेक देशांत पगार न घेता, नुसत्या जेवणाखाण्यावर केलेलं कामही कायद्याने कामच समजतात. पर्यटक म्हणून गेलेल्याला ते चालत नाही. तेव्हा व्हिसाचे नियम आधी वाचावेत. अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत बहुतेक ठिकाणी एकट्याला घेत नाहीत, आणि ते बरंच आहे.

तोवर काय करायचं? सीरिया लांब आहे, पण चंद्रपूर जिल्ह्यातलं सोमनाथ लांब नाही. बाबा आमटे यांनी १९६७ साली तिथे तरुणांसाठी श्रमसंस्कार छावणी सुरू केली. विदर्भाच्या उन्हाळ्यात सकाळी कुदळ-फावडं घेऊन श्रमदान, दुपारी गप्पा आणि व्याख्यानं, संध्याकाळी गाणी. कितीतरी मराठी घरांतल्या आई-बाबांनी तिथे हाताला फोड आणलेले असतात. तुमच्या घरी विचारून बघा, एखादी छान गोष्ट ऐकायला मिळेल.

आणि त्याहूनही जवळची जागा म्हणजे मामाचं गाव! सुट्टीत तुम्ही तिथे महिनाभर राहता. आंबे खाता, विहिरीवर डुंबता. मामीने सकाळपासून किती पोळ्या लाटल्या, कोणी मोजल्यात का?

या आठवड्याचा उद्योग

छोट्यांसाठी : एक दिवस घरातली सगळी भांडी मोजा. प्रत्येक भांड्याला अर्धा मिनिट धरून एकूण वेळ काढा. मग त्याला घरातल्या माणसांच्या संख्येने भागा. येणारं उत्तर आईला दाखवा, आणि तेवढी मिनिटं मोरीपाशी जाऊन उभे राहा. साबण डोळ्यांत जाऊ देऊ नका!

मोठ्यांसाठी : 'आमच्या घरी पाहुणा आला तर' या विषयावर दहा ओळी लिहा. अट एकच, पाहुणा काय काम करेल तेही त्यात यायला हवं. आणि तुम्ही पाहुणे म्हणून गेलात तर काय कराल, तेही.

शोधा पाहू : अरबस्तानातून आलेले आणि मराठीत रुळलेले आणखी पाच शब्द. 'हबशी' सोडून, बरं का! एक मीच सांगते : 'किताब'. उरलेले चार तुमचे.

चला तर मग. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू, वेगळ्या गावी.

तुमच्या,
बाई